जीर्णोद्धार आणि रूपांतर : देवगिरीच्या परिसरातून जुन्या मोटारसायकलीकडे पाहताना

१

‘जीर्णोद्धार’ हा शब्द आपण देवळासाठी वापरतो, बारवेसाठी वापरतो, क्वचित एखाद्या जुन्या वाड्यासाठीही वापरतो. मोटारसायकलीसाठी तो कोणी वापरत नाही. जुनी गाडी विकत घेऊन ती शेवटच्या नटबोल्टापर्यंत खोलणे, झिजलेले भाग बदलणे, टिकलेले भाग घासूनपुसून पुन्हा बसवणे आणि तिला रस्त्यावर आणणे, या साऱ्या खटाटोपाला आपली भाषा ‘गाडी तयार करणे’ एवढ्या तीन शब्दांत गुंडाळते. त्याच गाडीची टाकी बदलली, हँडल बदलले, आसन कापून लहान केले, तर तेही ‘तयार करणे’च. वस्तुतः या दोन कृती एकमेकींपासून फार वेगळ्या आहेत. पहिलीत कारागीर वस्तूच्या मूळ रूपाकडे परत जाऊ पाहतो. दुसरीत तो त्या रूपाला आजच्या गरजेकडे किंवा हौसेकडे वळवतो. पहिलीला आम्ही जीर्णोद्धार म्हणू आणि दुसरीला रूपांतर.

या दोन्ही कृती प्रतिष्ठेच्या आहेत, दोन्हींची नीती मात्र भिन्न आहे, आणि घोटाळा होतो तो एकीने दुसरीचे नाव धारण केले म्हणजे, असे आमचे म्हणणे आहे. हा विचार मांडण्यासाठी आम्ही दौलताबादचा परिसर निवडला आहे. छत्रपती संभाजीनगरहून, म्हणजे २०२३ पर्यंतच्या औरंगाबादहून, वेरूळकडे निघालेली वाहतूक वर्षानुवर्षे दौलताबादच्या बाहेरच्या तटबंदीतील जुन्या दरवाजातून होत आली. याच जिल्ह्यात मोटारसायकलींचा मोठा कारखाना आहे आणि याच जिल्ह्यात जुन्या मराठी ग्रंथाच्या संशोधनाची सर्वांत प्रसिद्ध घटनाही घडली. यंत्र आणि ग्रंथ यांचा असा शेजार इतरत्र सहसा सापडत नाही.

२

आपल्याकडे जुन्या मोटारसायकलीची पुनर्बांधणी एवढी का रुजली, याचे उत्तर हौसेत नाही, अर्थव्यवस्थेच्या इतिहासात आहे. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या चार दशकांत देशात दुचाकी बनवणारे कारखाने मोजके होते. परवान्यांच्या व्यवस्थेमुळे उत्पादनावर मर्यादा होती आणि ग्राहकाला नोंदणी करून वाट पाहावी लागे. १९५५ साली मद्रासमध्ये रॉयल एनफिल्डच्या बुलेटची जुळणी सुरू झाली. साठच्या दशकाच्या आरंभी म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीने चेकोस्लोव्हाकियाच्या जावा गाडीचे उत्पादन हाती घेतले. त्याच सुमारास एस्कॉर्ट्‌सने पोलंडच्या एका गाडीच्या आराखड्यावरून ‘राजदूत’ काढली. तिन्ही गाड्या मूळच्या परदेशी, आणि तिन्ही इथे आल्यावर जवळजवळ गोठल्या. ज्या इंग्रज कंपनीने बुलेट घडवली ती १९७०च्या सुमारास बंद पडली, पण तिची गाडी मद्रासेत फारसा बदल न होता बनत राहिली. जावाचे नाव पुढे ‘येझ्दी’ झाले, तरी किक मारण्याची आणि गिअर टाकण्याची दांडी एकच असण्याची तिची खोड १९९६ साली कारखाना बंद पडेपर्यंत गेली नाही.

या गोठलेपणावर तंत्रज्ञांनी पुष्कळ टीका केली आहे आणि ती रास्तही आहे. परंतु त्याची दुसरी बाजू क्वचित सांगितली जाते. एकच आराखडा वीस-तीस वर्षे चालू राहिला म्हणजे एका गाडीचा भाग दुसऱ्या गाडीला बसतो. अपघातात मोडलेल्या राजदूतचे चाक, उभ्या-उभ्या गंजलेल्या राजदूतचे गिअरबॉक्स आणि तिसरीच टाकी यांतून चौथी राजदूत उभी राहू शकते. तालुक्याच्या गावातला मिस्त्री कोणतीही छापील पुस्तिका न पाहता ती उभी करू शकतो, कारण त्याच्या उस्तादाने शिकवलेले मापच अजून चालू असते. गुरूने पाठ करून घेतलेला ग्रंथ आणि उस्तादाने हाताला लावलेली सवय, या दोहोंचे रहस्य एकच आहे. मूळ संहिता स्थिर असेल तरच परंपरा टिकते.

ऐंशीच्या दशकात हे चित्र बदलले. १९८५ साली औरंगाबादजवळ वाळूज येथे बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. पुढच्याच वर्षी कावासाकीच्या सहकार्याने बनलेली केबी-१०० बाजारात आली. १९८५ सालीच यामाहाची आरएक्स-१०० आली आणि १९९६ पर्यंत बनत राहिली. आज पुनर्बांधणी करणाऱ्या तरुणांत जिला सर्वाधिक मान आहे ती हीच शंभर सीसीची गाडी. वाळूजने मराठवाड्याला रोजगार दिला, त्याचबरोबर यंत्राशी सलगी असलेली एक पिढीही दिली. कारखान्यात, त्याला सुटे भाग पुरवणाऱ्या लहान उद्योगांत किंवा लेथवर ज्यांनी काम केले, त्यांना शंभरांश मिलिमीटरचे माप हा पुस्तकी विषय राहिला नाही. पुनर्बांधणी करणाऱ्या कार्यशाळेला असाच हात लागतो.

३

कार्यशाळेत प्रत्यक्ष काय घडते, हे साहित्याच्या अभ्यासकांनी एकदा नीट पाहण्यासारखे आहे. गाडी आली की आधी ती खोलली जाते. टाकी, आसन, मडगार्ड, चाके, शॉकअप, वायरिंग, इंजिन असे करत शेवटी उघडी चेसी उरते. प्रत्येक भागाचे नटबोल्ट वेगळ्या डब्यात जातात, आणि चांगला मिस्त्री डब्यावर खूण करतो. मग इंजिन खोलतात. क्रँक सरळ आहे का, कनेक्टिंग रॉडला ढिलाई किती, गिअरचे दात झिजले का, क्लचप्लेट जळल्या का, हे एकेक तपासतात. कार्बोरेटरची नळी रॉकेलमध्ये किंवा पेट्रोलमध्ये धुतात. पॉइंटमधली फट पातीने मोजतात.

या सगळ्यात आम्हांला सर्वांत अर्थपूर्ण वाटते ते बोअरिंगचे काम. सिलिंडरच्या आत पिस्टन लाखो वेळा वरखाली होतो आणि त्याच्या भिंती झिजतात. झीज सर्वत्र सारखी नसते, म्हणून गोल भोक किंचित अंडाकृती होते. झिजलेला धातू परत भरून आणता येत नाही. मग लेथवाला काय करतो? तो आतली भिंत आणखी थोडी कोरून पुन्हा गोल करतो आणि त्यात पाव मिलिमीटरने मोठा पिस्टन बसवतो. पुढच्या वेळी अर्धा, मग पाऊण, मग एक. त्यानंतर कोरायला धातू उरत नाही आणि आत नवे अस्तर, ज्याला कारागीर ‘स्लीव्ह’ म्हणतात, ठोकावे लागते.

म्हणजे जीर्णोद्धार हा मूळ स्थिती परत आणतो, ही आपली समजूत तपासून घ्यायला हवी. बोअर केलेले सिलिंडर नव्यासारखे चालते, पण ते नवे नसते आणि मूळ मापाचेही नसते. दुरुस्तीसाठी मूळ द्रव्यातले थोडे काढून टाकावेच लागते. गंज घासताना पत्रा पातळ होतो, जुना रंग उतरवताना कारखान्याने मारलेली शेवटची रेषाही जाते. इंजिनाची दुरुस्ती किती वेळा झाली, हे त्या इंजिनाच्या मापातच लिहिलेले असते, आणि वाचता येणाऱ्याला ते वाचता येते. प्रत्येक उद्धार आपली किंमत मूळ वस्तूकडूनच वसूल करतो. प्रामाणिक कारागीर ती किंमत लपवत नाही. गिऱ्हाइकाला तो सांगतो की हे सिलिंडर तिसऱ्या बोअरला आहे.

४

रूपांतराचा इतिहास आजच्या दिखाऊ गाड्यांपासून सुरू होत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्याने मागे टाकलेल्या हार्ले-डेव्हिडसन मोटारसायकली दिल्लीच्या कारागिरांनी घेतल्या, त्यांच्या मागे बाके जोडली आणि त्या चांदणी चौकात प्रवासी वाहू लागल्या. १९९८ मध्ये न्यायालयाच्या आदेशानंतर त्या बंद झाल्या. तोवर पन्नासेक वर्षे त्यांनी शहराची सेवा केली होती. त्यांना लोक ‘फटफट’ म्हणत. मराठीत मोटारसायकलीला ‘फटफटी’ म्हणतात, तेही आवाजावरूनच. या नामकरणात यंत्राची भीती नाही, सलगी आहे.

आपल्याकडे रूपांतराचा सर्वांत जुना आणि सर्वांत दुर्लक्षित नमुना म्हणजे दूधवाल्याची गाडी. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना लोखंडी सांगाडा, त्यात अडकवलेले कॅन, त्यांच्या वजनासाठी कडक केलेले शॉकअप आणि चढावर ओढ राहावी म्हणून बदललेले चेन-सॉकेट. शेतकऱ्यांनी तर मोटारसायकलीला कोळपे जोडले, फवारणीचे पंप जोडले. डिझेल स्वस्त होते तेव्हा बुलेटच्या चेसीत डिझेल इंजिन बसवण्याचे प्रयोग छोट्या कार्यशाळांनी केले, आणि नव्वदच्या दशकात खुद्द एनफिल्डने ग्रीव्ज-लोम्बार्डिनीचे ३२५ सीसीचे इंजिन बसवून ‘टॉरस’ ही डिझेल बुलेट विकली. कारागिराची जुळवाजुळव कारखान्याने मान्य केल्याचे हे दुर्मीळ उदाहरण आहे.

‘जुळवाजुळव’ हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरला. क्लोद लेव्ही-स्त्रोस यांनी १९६२ सालच्या आपल्या ग्रंथात अभियंता आणि ‘ब्रिकोलर’ यांच्यात भेद केला होता. अभियंता हव्या त्या कामासाठी हवी ती सामग्री मिळवतो. ब्रिकोलर हाताशी असलेल्या, आधी कशासाठी तरी वापरलेल्या सामग्रीतूनच मार्ग काढतो. आपल्या वर्गांत ही संकल्पना मिथकांच्या आणि आधुनिकोत्तर कादंबरीच्या संदर्भात शिकवली जाते. ती शिकवताना महाविद्यालयाच्या फाटकाबाहेर उभ्या असलेल्या दूधवाल्याच्या गाडीकडे बोट दाखवले, तर विद्यार्थ्यांना ती अधिक लवकर कळेल.

अलीकडे शहरांत दिसणारी रूपांतरे मात्र निराळ्या प्रेरणेची आहेत. लांब पुढचा फोर्क, खाली उतरवलेले हँडल, कापलेले मडगार्ड, रुंद टायर ही सारी परदेशी चित्रांतून आलेली शैली आहे. त्यात कौशल्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. टाकीचा पत्रा हातोडीने ठोकून वळवणे ही मोठी कला आहे. पण दूधवाल्याच्या गाडीत प्रत्येक बदलाला एक कारण सांगता येते, आणि या गाड्यांत पुष्कळदा कारणाची जागा अनुकरण घेते. अनुवादित साहित्याविषयी आपण हेच बोलत आलो आहोत.

५

आता दौलताबादकडे वळू. यादवांचा देवगिरी १३२७ साली महंमद तुघलकाने राजधानीसाठी निवडला आणि त्याला दौलताबाद हे नाव दिले. खलजी, तुघलक, बहमनी, निजामशाही, मोगल, निजाम अशा सत्ता एकामागून एक आल्या. प्रत्येकीने किल्ला मोडून नवा बांधला नाही, आहे त्यातच फेरफार केले. कातळ तासून केलेला कडा आणि खंदक हा पाया राहिला, त्यावर तट वाढले, दरवाजे वाढले. तोफा आल्यावर त्यांच्यासाठी बुरूज आले. ज्या तोफेला मागच्या टोकावरील मेंढ्याच्या मुखामुळे लोक ‘मेंढा तोफ’ म्हणतात, ती मोगल काळातली आहे.

या किल्ल्यातील १३१८ सालची जामा मशीद पुनर्वापराचा बोलका पुरावा आहे. तिच्या शंभराहून अधिक खांबांवरचे कोरीव काम आधीच्या मंदिरवास्तूंचे आहे. १९४८ नंतर तिथे भारतमातेची मूर्ती आली आणि आज ती वास्तू भारतमाता मंदिर म्हणून ओळखली जाते. या वास्तूविषयी बोलताना अनेकांचा आवाज चढतो, कारण तिथला पुनर्वापर राजकीय विजयाशी जोडलेला आहे. आम्हांला इथे एवढेच नोंदवायचे आहे की खांबांनी आपले पूर्वचरित्र लपवलेले नाही. ज्याला खांब वाचता येतो त्याला तिन्ही काळ एकाच ठिकाणी दिसतात. कोणी ते खांब तासून सपाट केले असते तर ती वास्तू अधिक एकसंध दिसली असती, आणि इतिहासाच्या दृष्टीने मुकी झाली असती.

दौलताबाद आणि खुलताबाद यांच्या दरम्यान कागजीपुरा हे गाव आहे. राजधानीच्या स्थलांतराबरोबर आलेल्या कारागिरांनी इथे हातकागदाचा धंदा बसवला, असे परंपरा सांगते. या कागदाचा कच्चा माल जुना होता. वापरून विटलेल्या कापडाच्या चिंध्या कुटून त्यांचा लगदा होई आणि त्यातून लिहिण्यायोग्य ताव निघे. इथे पुनर्वापराची दुसरी रीत दिसते. खांबाने आपले रूप राखले, चिंधीने ते पूर्णपणे सोडले. कागदाकडे पाहून तो कोणाच्या धोतराचा वा पागोट्याचा आहे, हे कोणी सांगू शकत नाही, आणि त्यात फसवणूकही नाही, कारण कागद स्वतःला कापड म्हणवत नाही.

६

याच किल्ल्याशी मराठी वाङ्मयाचे एक महत्त्वाचे नाते आहे. एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी हे निजामशाहीच्या काळात देवगिरीवर अधिकारपदावर होते, आणि पैठणचे एकनाथ त्यांच्यापाशी शिकले, अशी परंपरा आहे. पुढे शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. मूळ ग्रंथ शके १२१२ चा, देवगिरीच्या रामदेवराव यादवाच्या काळातला. जवळजवळ तीनशे वर्षांत नकलांवर नकला होऊन पाठ बिघडले होते. एकनाथांनी ते शोधून दुरुस्त केले, आणि यापुढे कोणीही या ग्रंथात आपली ओवी घालू नये असे स्पष्ट बजावले.

एकनाथांच्या या कामाला आम्ही जीर्णोद्धार म्हणतो. त्यांच्यापाशी ओवी रचण्याची शक्ती नव्हती असे नाही. किंबहुना त्यांच्याइतकी विपुल ओवी फार थोड्यांनी लिहिली. तरीही ज्ञानेश्वरीपुढे त्यांनी स्वतःचा हात आवरला. आणि हेच एकनाथ भागवताच्या अकराव्या स्कंधाला मराठीत आणताना, रामकथा ‘भावार्थ रामायणा’त सांगताना, किंवा गोंधळी, जोशी, वासुदेव यांची लोकरूपे घेऊन भारुडे रचताना पूर्ण मोकळे आहेत. तिथे ते जुन्या सांगाड्यात नवे इंजिन बसवतात. एकच माणूस एका ग्रंथाचा जीर्णोद्धार करतो आणि दुसऱ्याचे रूपांतर करतो. आपण कोणते काम करत आहोत हे त्याला ठाऊक आहे आणि तो ते वाचकालाही सांगतो.

याला पुढे एक जोड मिळाली. १९०९ साली इतिहासाचार्य राजवाडे यांनी एका जुन्या पोथीच्या आधारे ज्ञानेश्वरीची आवृत्ती काढली आणि एकनाथांच्या शुद्धीकरणामागची भाषा आपल्याला सापडली आहे अशी भूमिका मांडली. त्या पोथीच्या प्राचीनतेविषयी अभ्यासकांत वाद झाले. ते इथे उकरण्याचे प्रयोजन नाही. पण राजवाड्यांचा प्रश्न बोअरिंगचा प्रश्न आहे. शुद्ध करताना काय कोरले गेले? उत्तम हेतूने केलेला उद्धारही मूळ द्रव्यातले काही नेतो, हे त्यांनी मराठी अभ्यासाला विचारायला शिकवले.

७

येथे एक तात्त्विक अडचण उभी राहते. चेसी एका गाडीची, इंजिन दुसरीचे, टाकी तिसरीची, चाके बाजारातली. मग ही गाडी कोणती? औरंगाबादला हा प्रश्न परका नाही. १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने इथे सुरू केलेल्या महाविद्यालयाला मिलिंद हे नाव मिळाले आणि त्याच्या परिसराला नागसेनवन. पाली ‘मिलिंदपञ्ह’ ग्रंथात भिक्षू नागसेन राजा मिलिंदाला विचारतात की तू ज्या रथातून आलास तो रथ म्हणजे काय? आस म्हणजे रथ का? चाके म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो, आणि अखेरीस मान्य करतो की या भागांच्या जुळणीला व्यवहारात ‘रथ’ हे नाव दिले जाते. या नावापलीकडे रथाचे वेगळे असे काही सापडत नाही.

नागसेनांचे उत्तर आरटीओला चालत नाही. शासनाच्या दृष्टीने मोटारसायकल म्हणजे चेसीवर ठोकलेला क्रमांक, इंजिनावर ठोकलेला क्रमांक आणि नोंदणीपुस्तकातील त्यांची नोंद. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. इंधन बदलण्यासारख्या काही फेरफारांची वाट अटींवर मोकळी आहे, पण त्यांची नोंद व्हावी लागते. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने के. जयचंद्र यांच्या प्रकरणात हीच भूमिका ठामपणे मांडली.

हा कायदा कलेच्या आड येतो, अशी तरुण कारागिरांची तक्रार असते. तिच्यात तथ्य आहे. परंतु कायद्यामागची चिंता दोन प्रकारची आहे. एक, रस्त्यावरच्या इतरांच्या जिवाची. ब्रेक जुनेच ठेवून मोठे इंजिन बसवलेली गाडी एकट्या मालकाला धोका देत नाही. दुसरी, ओळखीची. चोरीच्या गाडीचा क्रमांक घासून त्यावर नवा ठोकणारा माणूसही ‘गाडी तयार’च करतो. क्रमांक घासणारा आणि प्राचीन ग्रंथात स्वतःची ओवी घुसवून खाली ज्ञानदेवांची मुद्रा ठेवणारा, हे दोघे सख्खे भाऊ आहेत. बदल करणे हा दोघांचाही गुन्हा नाही, बदलाची खूण पुसणे हा आहे.

२०२१ साली केंद्र शासनाने जुन्या वाहनांसाठी जे नियम केले, त्यांत मात्र एक गमतीदार गाठ पडली आहे. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे पूर्ण झालेली, मूळ रूपात राखलेली आणि चेसी, सांगाडा वा इंजिनात मोठा फेरफार न झालेली दुचाकी किंवा चारचाकी ‘व्हिंटेज’ ठरते. त्या नियमांत नव्या नोंदणीसाठी २०,००० रुपये आणि पुनर्नोंदणीसाठी ५,००० रुपये शुल्क ठरवण्यात आले. पण आपल्याकडे पन्नास वर्षे चालत राहिलेली गाडी टिकली ती मोठमोठ्या दुरुस्त्या झाल्या म्हणूनच. कपाटात जपलेली गाडी वारसा ठरते, आणि पन्नास वर्षे दूध वाहणारी राजदूत ठरत नाही. ग्रंथालयातली कोरी प्रत मौल्यवान आणि वारीत भिजलेली, शिवून जोडलेली पोथी टाकाऊ, असे म्हणण्यासारखे हे आहे. दोन्ही जपायला हव्यात, आणि त्यांना जपण्याची मापे दोन असायला हवीत.

८

जुन्या धातूच्या नव्या जन्माचे सर्वांत गाजलेले मराठी भूमीतले उदाहरण २०१६ सालचे आहे. विमानवाहू ‘विक्रांत’ ही मुळात दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये अर्धवट राहिलेली ‘हर्क्युलीस’. भारताने ती १९५७ साली विकत घेतली, बेलफास्टमध्ये पूर्ण करून घेतली आणि १९६१ साली नौदलात दाखल केली. म्हणजे विक्रांत स्वतःच एक पुनर्बांधणी होती. ३१ जानेवारी १९९७ रोजी ती निवृत्त झाली, काही वर्षे मुंबईत संग्रहालय म्हणून उभी राहिली आणि २०१४ साली भंगारात गेली. तिचा काही धातू बजाज ऑटोने घेतला आणि २०१६ साली ‘व्ही’ ही मोटारसायकल काढली. तिच्या टाकीत विक्रांतचा धातू असल्याचे कंपनीने जाहीर केले.

या घटनेकडे आम्ही मिश्र भावनेने पाहतो. संग्रहालय टिकवता न आलेल्या समाजाने त्या नौकेचा अंश तरी घरोघरी नेला, ही एक बाजू. दुसरी बाजू अशी की वितळलेल्या धातूला स्मृती नसते. कागजीपुऱ्याच्या चिंधीप्रमाणे त्याने आपले रूप सोडलेले असते, आणि स्मृती उरते ती टाकीवरच्या चिन्हात आणि जाहिरातीत. जामा मशिदीतील खांब वाचता येतो, ‘व्ही’ची टाकी वाचता येत नाही, तिच्यावर विश्वास ठेवावा लागतो. याउलट तिसऱ्या बोअरला आलेले, मिस्त्रीच्या खुणा अंगावर वागवणारे आरएक्सचे इंजिन कोणत्याही चिन्हाशिवाय आपला इतिहास सांगते.

९

हे सारे आज लिहिण्याची निकड काय? १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ मानके लागू झाली. नव्या गाड्यांतून कार्बोरेटर जवळजवळ गेला आणि संगणकावर चालणारी इंधनव्यवस्था आली. हवा स्वच्छ व्हायला हवी, त्यामुळे या बदलाला आमचा विरोध नाही. पण कानाने इंजिन ओळखणाऱ्या, बोटाने फट मोजणाऱ्या मिस्त्रीची विद्या या गाड्यांपाशी थांबते. २०२१ साली वाहने मोडीत काढण्याचे धोरण आले, आणि १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील दुचाकीच्या नोंदणी-नूतनीकरणाचे शुल्क ३०० वरून १,००० रुपयांवर गेले. जुन्या गाड्या कमी होतील तसे त्यांना जगवणारे ज्ञानही आटेल. हे ज्ञान कुठेही लिहिलेले नाही. ते उस्तादाकडून पोऱ्याकडे तोंडी आणि हाताने गेले आहे.

मौखिक परंपरेचा अभ्यास हा तर आपल्या विभागांचा अभिमानाचा विषय. ओव्या, उखाणे, भारुडे यांचे संकलन आपण केले, करत आहोत. मग गॅरेजमधली मराठी, जिच्यात दख्खनी, हिंदी, इंग्रजी आणि कारागिराची स्वतःची घडणावळ मिसळली आहे, तिचा कोश का करू नये? कोणत्या आवाजाला मिस्त्री काय म्हणतो, झिजेच्या प्रकारांना त्याच्याकडे किती नावे आहेत, बिघाडाचे निदान तो कोणत्या क्रमाने करतो, हे एका विद्यार्थ्याने एका कार्यशाळेत महिनाभर बसून टिपले तर लघुप्रबंधाची सामग्री मिळेल. पर्सिग यांच्या १९७४ सालच्या मोटारसायकलीवरील पुस्तकावर आपल्याकडे चर्चा पुष्कळ होते. ते ज्या गाडीवरून फिरले ती होंडा आज अमेरिकेतल्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. आपल्या राजदूतसाठी संग्रहालय होईल की नाही सांगता येत नाही. तिच्या भाषेची वही मात्र आपल्याला आजच सुरू करता येईल.

ती वही करताना एकनाथांनी घालून दिलेला नियम पाळावा लागेल. मिस्त्रीचा शब्द जसा आहे तसा टिपायचा, तो सुधारून प्रमाण मराठीत बसवायचा नाही, आणि आपले भाष्य लिहायचे ते समासात, आपल्या नावाने.